भवानीचं गिऱ्हाईक

"अप्पा, तीन महिन्यांत तुमच्या दुकानाचा कायापालट करून दाखवतो! नाही केला तर नावाचा मानसिंग नाही!"

ज्या माणसानं उभ्या जन्मात एक चादर विकली नाही, त्यानं चादरीच्या दुकानदाराला असं सांगावं का? मुळीच सांगू नये! पण मानसिंगनं सांगितलं. आणि तेही पहिल्याच दिवशी, चपला काढायच्या आत.

मानसिंग मूळचा करमाळ्याकडच्या केम गावचा. घरी शेती, पण हा पोरगा नांगराला लागला नाही, पुस्तकाला लागला. कोल्हापूरच्या विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होता. विषय होता किरकोळ बाजारात वस्तूचा भाव कसा ठरतो. प्रबंध लिहून तयार, फक्त सरांची सही राहिलेली. आणि नेमके तेव्हाच त्याचे सर परदेशी जाऊन आले! माणूस परदेशी गेला की काहीतरी घेऊन येतोच. कुणी घड्याळ आणतं, कुणी रेडिओ आणतं. सरांनी एक कल्पना आणली.

"यापुढं माझ्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं तीन महिने विद्यापीठाबाहेर उमेदवारी करायची! प्रत्यक्ष धंद्यात! मालकाचा दाखला आणल्याशिवाय प्रबंधावर सही नाही!"

एकाला त्यांनी साखर कारखान्यात धाडलं, एकाला बँकेत. दोघंही खुर्चीत बसून चहा पीत उमेदवारी करायला लागले. मानसिंगच्या वाट्याला आलं सोलापूर. मधल्या मारुतीच्या देवळाजवळचं चनबसप्पांचं चादरीचं दुकान. पगार नाही, खुर्ची नाही. बसायला गादी, तीही मालकाच्या गादीपेक्षा खाली.

बरं, नुसत्या सहीचा प्रश्न असता तर गडी तितका हातघाईवर आला नसता. करमाळ्याच्या धोंडीराम पाटलांची वच्छला त्याला देऊ केली होती. सुपारी फुटली होती. पण धोंडीराम पाटील म्हणजे शब्दाला पक्का माणूस. "आदी थिसिस, मग अक्षता!" असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलेलं. थिसिस म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण ते झाल्याबिगर लग्न नाही, एवढं नक्की ठाऊक होतं. खुद्द वच्छलानं एकदा विहिरीवर भेटल्यावर विचारलं होतं, "आजून किती पानं ऱ्हायल्यात? का मी म्हातारी झाल्यावर छापणार?" दाखल्याला सही, सहीला लग्न, असं सगळं त्या चादरीच्या दुकानात येऊन अडकलं होतं.

चनबसप्पा हा मोठा शांत आणि भाविक माणूस. कपाळाला विभूती, अंगात पांढरा सदरा, आणि तोंडात घटकेघटकेला "शिवा शिवा!" घरात कानडी, दुकानात मराठी, आणि हिशेब चुकला की दोन्ही. सकाळी दुकानाच्या फळ्या काढायच्या, उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं, सिद्धरामेश्वराच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायची, आणि मग बसून राहायचं. कशासाठी? तर भवानीसाठी.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, हे कुणाला सांगायला नको. पण चनबसप्पांची भवानी म्हणजे सोवळ्यातलं काम! भवानी झाल्याशिवाय दुकानातून काहीही बाहेर जायचं नाही. उधार नाही, सुट्टे नाहीत, शेजाऱ्याला कात्री नाही. रस्त्यावरच्या माणसानं "किती वाजले?" विचारलं तरी अप्पा म्हणायचे, "आदी भवानी हू दे की रे बाबा, मग सांगतो!" आणि भवानीचं गिऱ्हाईक कधी रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. तोट्यात द्यायला लागलं तरी द्यायचं.

हे बघून मानसिंगचे डोळे चमकले. त्यानं ताडलं की सगळ्यांत स्वस्त चादर पहिल्या गिऱ्हाइकाला मिळते. बस्स! त्याच्या डोक्यात सिद्धांत शिजायला लागला, आणि शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एकदा सिद्धांत शिजायला लागला की तो कच्चा असताना खाली उतरवता येत नाही.

"अप्पा, आपण पाटी लावू. भवानीच्या गिऱ्हाइकाला खास सवलत! लोक पहिला नंबर लावायला धावतील. दारात रांग लागेल. रांग दिसली की आणखी लोक येतील. सवलत फक्त एकाला, बाकी सगळे पुऱ्या भावानं घेणार!"

"शिवा शिवा!" अप्पांनी कानाला हात लावला. "भवानीचं गिऱ्हाईक देव पाठवतो की मास्तर. त्याला पाटी लावून बोलवायचं व्हय?"

"देवाला जरा मदत केली तर काय बिघडलं?"

अप्पांनी तसबिरीकडं बघितलं, गल्ल्याकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रांग किती मोठी लागंल म्हणालास?"

अप्पांनी मुहूर्त बघता बघता तिसऱ्या महिन्यात पाटी लागली. आणि खरं सांगतो, पहिल्या दिवशी मानसिंगचा सिद्धांत अगदी पुस्तकात असतो तसा चालला! उजाडायला रांग. फळ्या काढल्या की झुंबड. एकाला सवलत मिळाली, बाकीचे आलोच आहोत तर घेऊ म्हणून घेऊन गेले. अप्पांनी खूश होऊन समोरच्या शिवप्पाकडून स्वतः चहा मागवला, आणि मानसिंगला बशीसकट दिला. मानसिंगनं त्याच रविवारी करमाळ्याला जाऊन होणाऱ्या सासऱ्यापुढं फुशारकी मारली. "मामा, सोलापुरात कुठल्याही पोराला विचारा, भवानीची सवलत कुणाच्या डोक्यातून निघाली म्हणून!"

धोंडीराम पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हंजे पयल्या गिऱ्हाइकाला स्वस्त?"

"एकदम स्वस्त!"

"बरं, बरं," पाटील म्हणाले, आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागले. त्यांच्या त्या मोजण्याचा अर्थ मानसिंगला कळायला हवा होता. कळला नाही.

इकडं सोलापूरची माणसं काही दुधखुळी नव्हती! चार दिवसांत त्यांनी हिशेब लावला. आज दुसरा नंबर लागला तर आज कशाला घ्यायची? उद्या लवकर येऊ, पहिला नंबर लावू! झालं! सकाळी एक चादर विकली जायची, आणि मग दिवसभर माणसं यायची, चादरी उलगडायची, गालाला लावून बघायची, मोर आहे का कमळ आहे विचारायची, आणि "छान हाय की! उद्या भवानीला येतो!" म्हणून निघून जायची. मानसिंगच्या हाताला घड्या घालून घालून घट्टे पडले.

"मास्तर," अप्पा एक दिवस कळवळून म्हणाले, "आदी भवानी झाली की धंदा सुरू व्हायचा. आता भवानी झाली की धंदा बंद व्हायलाय! अय्यो, हे काय करून ठेवलास बे?"

"पाटी काढू या, अप्पा."

"भवानीच्या नावानं दिलेला शब्द तसाच काढायचा? लक्ष्मी रुसंल! पौर्णिमेला अभिषेक करतो, मग काढू."

पौर्णिमा होती मानसिंगची उमेदवारी संपल्यावर. म्हणजे पाटी शेवटपर्यंत राहिली. तरी मानसिंगनं मन घट्ट केलं. तीन महिने भरत आले होते. शेवटच्या दिवशी सकाळी अप्पा दाखला देणार, दुपारच्या कोल्हापूरच्या एस.टी.नं तो निघणार, दुसऱ्या दिवशी सर सही करणार, आणि तिसऱ्या दिवशी सर पुन्हा परदेशी जाणार. चुकली एस.टी. की सर गेले, आणि सर गेले की वच्छला आणखी सहा महिने विहिरीवर टोमणे मारणार!

तो शेवटचा दिवस उजाडला. मानसिंगनं आंघोळ करून, नवा शर्ट घालून फळ्या काढल्या. समोर ही गर्दी! आणि फळी निघाल्याबरोबर दोन पाय एकदम उंबऱ्यावर पडले. एक पाय होता भवानी पेठेतल्या केराबाईचा. बाई कडक भाकरी थापून विकायची, आणि तिचा आवाजही तिच्या भाकरीसारखाच कडक. आणि दुसरा पाय? पायात करकरणारं करमाळी पायताण, त्यावर धोतर, त्यावर कोट, त्यावर मिशा!

"मामा!" मानसिंगच्या तोंडून निघालं.

"व्हय, मीच! आदल्या दिसापासनं पाव्हण्याकडं मुक्काम टाकलाय! लग्नातल्या आहेराच्या चादरी घ्याच्या हाईत. म्हटलं, जावयाची सवलत दुसऱ्याला कशापाई?"

"ओ मिशीवालं!" केराबाई कडाडली. "पाय काढा! पयला पाय माजा! माजी लेक बाळंत झालीया, तिला पांघराय न्यायचीया. मी हितं कोंबडं आरवायच्या आदी उभारलीया!"

"कोंबडं आमच्याकडं बी हाय की, बाई! पाय माजा पयला!"

"अप्पा, तुमी सांगा!"

"जावईबापू, तुमी सांगा!"

अप्पांनी मानसिंगकडं बघितलं. मानसिंगनं अप्पांकडं बघितलं. सासऱ्याच्या बाजूनं बोलावं तर सगळी पेठ थुंकणार. केराबाईच्या बाजूनं बोलावं तर अक्षता गेल्या! आणि अप्पांचं दुखणं आणखीच वेगळं. भवानीच्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा नेम. इथं दोन गिऱ्हाइकं. एकाला धरलं तर दुसरं परत जाणार!

"दोघांनाही सवलत देऊ," मानसिंग घाईनं म्हणाला. "दोघांची एकदम भवानी!"

"पयली एकच असती की मास्तर! तुला पीएच.डी. कोण देणार हाय?"

"मग छापा-काटा करू!"

"भवानीच्या आदी लक्ष्मी जमिनीवर फेकतोस? शिवा शिवा शिवा!"

ऊन वर चढलं. भवानी काही होईना. केराबाई उंबऱ्याच्या एका टोकाला फतकल मारून बसली, पाटील दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात शिवप्पा चहावाला आला, काल राहिलेले रिकामे पेले न्यायला.

"पेले नेता येणार न्हाईत," अप्पा म्हणाले. "भवानी झाली न्हाय."

"अहो, माजेच पेले हाईत की!"

"तुजेच हाईत. पण दुकानातनं भाईर जाणार म्हंजे जाणार की!"

शिवप्पाचं हॉटेल पेल्यांविना अडलं, म्हणून त्याची गिऱ्हाइकं इकडं येऊन उभारली. स्टेशनला माल न्यायला आलेला गाडीवान बैल सोडून बसला. एका बाईनं आत विसरलेली छत्री मागितली, तीही मिळेना. मधल्या मारुतीजवळचा रस्ता भरला. कुणी म्हणालं संप झालाय, कुणी म्हणालं वारलंय कुणीतरी. अप्पा आत बसून घामाघूम. एवढ्या भाविक माणसाच्या दारात असं कधी घडलं नव्हतं, आणि त्यांचा चेहरा बघून मानसिंगला मनापासून वाईट वाटलं. पण एस.टी.ही डोळ्यांपुढं दिसत होती!

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "माझा दाखला तेवढा..."

"दाखला?" अप्पा किंचाळलेच. "दुकानातला कागुद भाईर? भवानीच्या आदी? मास्तर, येड लागलं का तुला?"

दाखल्याचा कोरा कागद समोर, अप्पांच्या गादीपाशी. पेन अप्पांच्या खिशात. आणि मधे भवानी!

तो गर्दीपुढं हात जोडून उभा राहिला. "लोकहो, कुणीतरी तिसऱ्यानंच भवानी करा! एक चादर घ्या आणि सोडवा आम्हांला!"

"तिसऱ्याला सवलत?" केराबाई ताडकन उठली. "मग मी काय हितं माशा मारालीया? सवलत न घेता कुणी केली तर माजी ना न्हाय. पर त्या मिशीवाल्याला मिळता कामा न्हाय!"

"माजं बी तेच म्हननं!" पाटील गरजले. "मला न्हाय तर न्हाय, पर ह्या बाईला मिळता कामा न्हाय!"

"कोण घेतो सवलतीबिगर?" मानसिंगनं विचारलं.

सगळी गर्दी आभाळाकडं बघायला लागली. सोलापुरात त्या दिवशी आभाळात काय होतं कुणास ठाऊक! पण माणूस न् माणूस वर बघत होता.

"ठीक आहे!" मानसिंगनं खिशात हात घातला. "मी घेतो! पुऱ्या भावानं!"

"दुकानच्या मानसाची भवानी कसली?" पाटील म्हणाले. "आमच्या करमाळ्यात न्हाय चालत!"

"आमच्या भवानी पेठंत बी न्हाय चालत!" केराबाई म्हणाली. सकाळपासून दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, आणि तेही मानसिंगच्या विरुद्ध!

"खरं हाय," अप्पा मान हलवत म्हणाले. "घरच्या मानसाची भवानी देव मानत न्हाय."

मानसिंगनं एकदा सूर्याकडं बघितलं, एकदा सासऱ्याकडं. आणि मग तो असा ओरडला, की गाडीवानाचे बैल उठून उभे राहिले. "मग सोडली! ही उमेदवारी सोडली! आता मी दुकानचा नाही!"

"स्वखुशीनं?" अप्पांनी विचारलं.

"स्वखुशीनं!"

"समद्यांनी ऐकलं?" पाटलांनी गर्दीला विचारलं.

"ऐकलं!" गर्दी म्हणाली.

"मग असं कर," अप्पा म्हणाले. "हितनं उतर. मारुतीला वळसा घाल. आनी गिऱ्हाईक म्हणून ये."

मानसिंग धावत मारुतीला वळसा घालून आला. लोकांनी वाट करून दिली. तो उंबरा चढला, आणि तीन महिने त्याला "काय करायलास बे?" म्हणणारे अप्पा एकदम हात जोडून उभे राहिले.

"या, या सायेब! बसा. काय दाखवू? मोराची दाखवू का फुलाची?"

"कुठलीही द्या हो, अप्पा!"

"असं कसं? गिऱ्हाइकानं बघून घ्यावं. ही बघा, लाल. ही निळी. ही धुतली तरी रंग जाणार न्हाय."

"मला माहीत आहे! मीच घडी घातली आहे!"

शेवटी अप्पांनी भाव सांगितला. आणि तो भाव ऐकून सगळी पेठ कान टवकारून पुढं सरकली. कारण भाव सांगणं ही नुसती सुरुवात असते. अप्पांनी सांगायचा, गिऱ्हाइकानं "काय सोनं विणलंय व्हय?" म्हणायचं, उठून जायचं, अप्पांनी हाक मारायची, असं करत करत निम्म्यावर यायचं. तो भाव आजवर कुणी दिला नव्हता आणि अप्पांना कधी अपेक्षितही नव्हता.

"घ्या!" म्हणून मानसिंगनं तो मोजला.

अप्पांच्या हातात नोटा तशाच राहिल्या. "समदे?"

"समदे! चला, आटपा!"

अप्पांनी नोटा डोळ्यांना लावल्या, तसबिरीला लावल्या, आणि गल्ल्यात टाकल्या. भवानी झाली! शिवप्पानं पेले पळवले, बाईनं छत्री उचलली, गाडीवानानं बैल जुंपले. आणि मग जे झालं ते मानसिंगच्या कुठल्याच प्रकरणात नव्हतं. पहिला नंबर गेल्यावर थांबण्यात अर्थ नाही, आणि सकाळपासून उभं राहून रिकाम्या हातानं घरी जायची लाज! सगळी गर्दी आत घुसली. पाटील आणि केराबाई तर एक झाले. ती म्हणायची, "एवढी म्हाग?" आणि पाटील म्हणायचे, "चला बाई, दुसरीकडं बघू!" दोघांनी मिळून अप्पांना असा पिळला, की सवलतीपेक्षाही स्वस्तात दोघांचं काम झालं. वर केराबाईनं बाळंतिणीच्या नावानं एक लहान टॉवेल उपटला. तरी अप्पा प्रसन्न! एवढी विक्री दसऱ्यालाही झाली नव्हती. त्यांनी पौर्णिमेची वाट न बघता पाटी उतरवली आणि पेन उघडलं.

"अप्पा, फक्त लिहा, तीन महिने उमेदवारी पूर्ण केली."

अप्पांचं पेन थांबलं. "सिद्धरामेश्वराच्या फोटूखाली बसून खोटं लिहू? तू तर सकाळीच सोडलास. समद्यांनी ऐकलं."

"अहो, पण ते तुमच्यासाठीच!"

"व्हय की. उपकार हाईत तुजे. खरं ल्ह्यायचं ते खरंच ल्ह्यायचं."

आणि त्यांनी सावकाश लिहिलं. पाटलांना वाचता येत नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. "दाखला देण्यात येतो की, श्री. मानसिंग यांनी आमच्या दुकानी उमेदवारी केली. मुलगा चांगल्या वळणाचा आहे. शेवटच्या दिवशी भवानीच्या आधी स्वखुशीने काम सोडले. विक्रीचे सांगता येत नाही. गिऱ्हाईक म्हणून उत्तम. भाव करत नाहीत. पुन्हा पाठवावे."

पाटील नुसती मिशी चावत एस.टी.पर्यंत पोचवायला आले. ती पुऱ्या भावाची चादर काखेत धरून मानसिंग गाडीत चढला तेव्हा त्याला खात्री होती, की सहीही गेली आणि अक्षताही गेल्या!

दुसऱ्या दिवशी सरांनी दाखला वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि इतके हसले की शेजारच्या खोलीतले प्राध्यापक बघायला आले.

"साखर कारखान्याचा दाखला आला, 'काम समाधानकारक'. बँकेचा आला, 'काम समाधानकारक'. तिथं काय शिकले देव जाणे! बाजारात भाव कसा ठरतो ते बघायला मी तुला धाडलं होतं. तू तर तो स्वतःच्या खिशातून मोजून आलास!" असं म्हणून त्यांनी प्रबंधावर सही ठोकली.

लग्न झालं. झोकात झालं. आहेराच्या चादरी बघून पाहुणे म्हणाले, काय स्वस्तात मिळवल्या पाटलांनी! पाटलांनी लेकीला निरोप देताना डोळे पुसले आणि कानात काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मानसिंगला आठवड्याच्या बाजाराला कळलं.

आता डॉक्टर मानसिंग कॉलेजात शिकवतात. भाव कसा ठरतो, या विषयावर त्यांच्याइतकं सुंदर कुणी बोलत नाही, असं पोरं सांगतात. तरी दर बाजाराला ते वेशीपाशी झाडाखाली पिशवी धरून उभे असतात, अगदी समाधानानं, आणि वच्छलाबाई एकट्या आत जातात. जाताना दर वेळी बजावतात, "तुमी हितंच उभारा. आनी कुणाशी बोलू नगा! तुमी तोंड उघडलं की भाव वाढतो!"